पुढचं चाक जमिनीला धरून

गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा. इंजिन बंद. नव्या स्प्रिंगा, जाड तेल, महागडे शॉकअप, जे काही बसवायचं मनात आहे ते थोडा वेळ मनातच राहू द्या.

पुढचा ब्रेक धरा. हॅण्डलवर अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबा आणि सोडा. पुन्हा एकदा, आणखी सावकाश. वर येऊन गाडी शांत होते, की हेलकावत राहते? स्प्रिंग धक्का घेते आणि परत करते. तो जिरवतं तेल. बारीक छिद्रांतून रेटलं जाताना ते धक्क्याची ऊब करून टाकतं. १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर १२ला पुढे हीच जोडी होती, आणि तुमच्या गाडीतही तीच आहे. हेलकावे थांबत नसतील तर तेल थकलं आहे. ते शेवटचं कधी बदललं, आठवून पाहा.

आता खाली बसा. शॉकअपच्या चकचकीत पाइपवरून नख फिरवा. मालवणच्या खाऱ्या हवेत क्रोमवर गंजाचे बारीक टोचे पडतात. नख जिथे अडेल तिथेच ऑइल सील रोज थोडी थोडी कापली जाते. सीलच्या कडेला बोट लावा. तेलात कालवलेली तांबडी धूळ बोटाला लागली, तर गळती सुरू झाली. ते तेल ओघळून डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार नाही. म्हणून हे काम आधी.

मग कुणाला तरी मदतीला बोलवा. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन, दोन्ही पाय वर घेऊन गाडीवर बसा. सोबत्याने पाइपला, सीलशी टेकवून, नायलॉनची पट्टी आवळावी. उतरा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधर करा आणि पट्टी ते सील अंतर मोजा. गाडी क्लासिक ३५० असेल, तर तिचे पुढचे शॉकअप १३० मिमी दबतात. त्यातले पाव ते एक तृतीयांश, म्हणजे साधारण ३३ ते ४३ मिमी, गाडीच्या आणि तुमच्या वजनाने खर्च व्हायला हवेत.

इथे जरा थांबा. चाकाला वर जायला जागा हवी, हे कुणालाही सुचतं. खाली जायलाही जागा लागते; वजनाने दबलेलं हे अंतर म्हणजे तीच जागा. कोळंबचा पूल ओलांडून आचऱ्याकडे जाताना वळणावर खड्डा आला, तर चाकाला त्यात उतरता आलं पाहिजे. स्प्रिंग फार कडक असली की ते क्षणभर अधर राहतं; आणि अधर चाक ना वळतं, ना ब्रेक घेतं. स्प्रिंग फार मऊ असली की ब्रेक दाबताच गाडी नाक खुपसते आणि पुढचा खड्डा थेट मनगटात बसतो.

तेव्हा आधी सील आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल बदला. काही दिवस चालवून पुन्हा मोजा. तरीही गाडी जास्त बसत असेल, तर स्प्रिंग बदलायचा विचार करा. मागे कोण बसतं, सामान किती असतं, तेही गॅरेजवाल्याला सांगा. तुमचं वजन न विचारता कुणी स्प्रिंग बसवायला निघालं, तर दुसरं गॅरेज बघा.