तिघांचं एकच घड्याळ

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये रिले संघातून उतरलेल्यांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: ‘म्हणजे सगळं नाही ना केलंत?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. पण एकट्यानं केलेलं तेवढं पूर्ण आणि तिघांनी मिळून केलेलं म्हणजे नुसता वाटा, ही समजूत त्यात असते. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर रिले संघाकडून शेवटचा टप्पा धावल्यापासून ही समजूत मला मुळीच पटत नाही.

आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची कल्पना निघाली तीच मुळी एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात. १९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटाभोवती धावण्याची रिले झाली आणि नंतर वाद रंगला, की धावणारे, पोहणारे आणि सायकलवाले यांच्यात खरे तंदुरुस्त कोण? अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी तोड सुचवली: बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती सलग जोडायच्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण उतरले, बारा जणांनी शर्यत पुरी केली. सगळ्यांत दमदार कोण, या प्रश्नाचं उत्तर एकच माणूस असू शकतो, म्हणून ती शर्यत एकट्याची झाली. त्या कर्तृत्वाबद्दल मला नितांत आदर आहे. रिले मात्र तो प्रश्नच विचारत नाही.

गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. रिलेत हे तीन टप्पे तिघे वाटून घेतात. पोहणारी पाण्यातून निघून ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे टप्पा बदलण्याच्या जागेत, सायकलच्या रॅकपाशी धावत येते, घोट्यावरचा ओला पट्टा सोडते आणि तो सायकलस्वाराच्या घोट्याला बांधला जातो. त्या पट्ट्यात वेळ मोजणारी चिप असते. हातात हात देण्याइतकाच काय तो सहवास. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करताना अकरा जण एकाच वेळी मैदानात असतात. इथे संघातले दोघे कधीही एकत्र खेळत नाहीत. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण खो-खोत पुन्हा बसता येतं, पुन्हा उठता येतं. इथे पाळी एकदाच.

आमच्या संघातल्या पोहणारीचं काम सकाळीच संपलं. त्यानंतर दिवसभर तिला काहीही सुधारता येणार नव्हतं. आपला भाग चोख करून बाकीचं सोडून द्यायचं, आणि तरी शेवटपर्यंत थांबायचं, हे अवघड आहे. धावणाऱ्याची अडचण उलटी. सगळे टवटवीत असतात तेव्हा तो सावली शोधत बसतो. केव्हा खायचं, किती पाणी प्यायचं, पाय केव्हा मोकळे करायचे, याचा हिशेब मांडत राहतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक अर्धमॅरेथॉन पहाटे सुटतात. इथे पट्टा पायाला लागेपर्यंत ऊन चढलेलं असतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि पहाटेच्या थंडीत कमावलेला वेग उपयोगी पडत नाही.

या सगळ्यापेक्षा कठीण क्षण मला वाटतो तो सायकलस्वार परत येण्याचा. रस्त्यावर त्याला बाहेरून मदत घेता येत नाही. पंक्चर झालं तर स्वतःच काढायचं. तो उशिरा आला तर कारण विचारायला सवड नसते. घड्याळात साठलेली सगळी मिनिटं पट्ट्याबरोबर तुमच्याकडे येतात आणि त्यातलं एकही तुम्ही खर्चलेलं नसतं. त्या दोन-चार सेकंदांत त्याला तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतं? माझ्या मते संघाची परीक्षा तिथे होते. दमलेला माणूस मान वर करून आधी तुमच्याकडेच बघतो. तिथे नाराजीची एक छटाही दिसता कामा नये, आणि ती लपवून चालत नाही, मनातच नसावी लागते. त्यासाठीचा सराव कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आळीपाळीनं सायकल चालवली म्हणून ते यश कुणी अर्धं मानलं नाही, आणि ते योग्यच होतं. मग तिघांच्या ट्रायथलॉनला वेगळा न्याय का?

नोकरी, घर आणि म्हातारे आईवडील सांभाळून तिन्ही प्रकारांचा सराव करणं सगळ्यांना जमत नाही. समुद्रात पोहू शकणारे आपल्याकडे थोडे आहेत, सायकलींच्या किमती मोठ्या आहेत. तुम्हाला यातलं एक जरी नीट येत असेल, तर उरलेली दोन येणारी माणसं शोधा आणि संघाचं नाव नोंदवा. आणि कुणी रिलेत उतरल्याचं सांगितलं, तर ‘नुसती रिले’ एवढं मात्र म्हणू नका.