कुसळाचा पीळ

टिटवाळ्याच्या महागणपतीचं दर्शन झालं की लगेच परतीची लोकल गाठू नका. काळू नदीच्या अंगाला थोडं चाला. कार्तिक सरल्यावर माळावरचं कुसळी गवत वाळलेलं असतं. पायजम्याला कुसळं लागतील. लागू द्या. सावली बघून बसा, श्वास संथ होऊ द्या.

आता एक कुसळ अलगद उपसून तळहातावर घ्या. खाली अणकुचीदार बी, वर दोरीसारखी पिळलेली तपकिरी शेपटी. त्या शेपटीत आता जीव नाही, रस नाही. तिच्यावर बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब सोडा. आणि थांबा.

पीळ सुटू लागतो. शेपटी गोल फिरते. वाळली की पुन्हा पिळली जाते. रात्री दव, दिवसा ऊन, असं चालता चालता बी मातीत शिरतं. उलट्या केसांमुळे मागे येत नाही. (मोज्यातूनही येत नाही, याचा अनुभव सगळ्यांना आहे.) शेपटीच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे तिरके गुंडाळलेले असतात. पाण्यानं त्यांच्यामधली जागा फुगते, धागे मात्र फारसे लांबत नाहीत. म्हणून ते फुगणं गिरकी घेतं.

डोळे मिटा. कुसळासारखाच ओलीनं वळणारा एक पातळ, पारदर्शक पापुद्रा मनात आणा. चायना ग्रासमधल्या अगरोजचा, नाहीतर कोळंबीच्या सालांपासून काढलेल्या कायटोसानचा. तो तळहातावर ठेवलाय. खालची बाजू हाताची ओल पिते, फुगते. वरची अजून कोरडी. कडा उचलल्या जातात, पापुद्रा वळतो. अशा पापुद्र्यांपासून मऊ रोबॉटचे स्नायू करण्याची खटपट प्रयोगशाळांत चालते. ताकद बेताचीच, भिजून लिबलिबीत व्हायची भीती आहेच. मला कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे. यंत्रात सेन्सर वेगळा, मोटर वेगळी, मधे तारा. इथे ओल कळणं आणि वळणं ही एकच हालचाल. या जागी जरा रेंगाळा.

मघाशी देवाला वाहिलेली जास्वंद आठवा. तिचा लाल रंग अशा पापुद्र्यात मिसळला, तर अमोनियाच्या वाफेनं तो हिरवट होतो. मासळी खराब होऊ लागली की तशीच वाफ सुटते. डब्यात ठेवलेली अशा पापुद्र्याची पट्टी रंग बदलून ते सांगू शकते.

आता मूठ हलकेच मिटा. आत ऊब आहे, थोडा घाम आहे. कुसळ हलतंय का? बघत राहा. कल्याणची गाडी गेली तर मागून दुसरी आहे.