पणजोबा सापडले, पणजी कुठे?

बारावीचा निकाल लागला की सिहोऱ्याहून तुमसरच्या तहसील कार्यालयात पणजोबांना शोधत जाणारी माणसं वाढतात. जात पडताळणीसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. मग कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचा दाखल-खारीज, बंदोबस्ताची मिसल असं एकेक बाहेर निघतं. आणि कागद चाळता चाळता घरातलं कुणी तरी म्हणतं, "आपले पणजोबा बेचाळीसमध्ये होते म्हणतात!"

इथून खरा शोध सुरू होतो. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना पकडलं आणि आठवड्याभरात हा सगळा मुलूख पेटला. तुमसरात गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी उठली. त्या धामधुमीतला आपला माणूस आज शोधायचा, तर पहिला प्रश्न येतो तो तुरुंगाच्या दाखल्याचा. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली, तेव्हा साधारण सहा महिन्यांची कैद ही अट होती. ज्यानं चार महिने भोगले किंवा भूमिगतांना रात्री भाकरी पोचवली, त्याचं देशप्रेम खरं असूनही पुराव्यात बसलं नाही.

सरकारी कागद माणसाला केव्हा ओळखतो? जन्मला तेव्हा, मेला तेव्हा, सारा भरला तेव्हा आणि पकडला गेला तेव्हा. मधलं सगळं जगणं तो सोडून देतो. कोतवाल बुकातली एखादी जन्माची ओळ पाहा. तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते, मुलगा की मुलगी तेही असतं. जिनं ते लेकरू जन्माला घातलं, तिचं नाव पुष्कळ ओळींत नसतंच.

आता तो ऑगस्ट डोळ्यांपुढे आणा. इकडे ते धानाच्या रोवणीचे दिवस. बांधीत गुडघाभर चिखल, वरून पावसाची झड, आणि वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाया. घरचा कर्ता नागपूरच्या तुरुंगात असेल, तर त्या वर्षी नांगर कुणी धरला? रोवणाऱ्या बायांची मजुरी कुणी चुकती केली? मालगुजारी तर १९५१ पर्यंत होती; मालगुजाराच्या दारात लगानाची मुदत मागायला कोण उभं राहिलं? आणि पोलीस घराची झडती घेऊन गेल्यावर लेकरांना कुणी निजवलं? एक माणूस तुरुंगात जातो, तेव्हा अख्खं घर सजा भोगतं. दाखला मात्र एकाच्याच नावाचा निघतो.

बायांच्या सांगण्याला किती मोल असतं, ते चिमूरनं दाखवलं. १६ ऑगस्टनंतर गावात फौज शिरली. घराघरांत काय घडलं, ते तिथल्या स्त्रियांनी भीड मोडून सांगितलं, म्हणून बाहेर कळलं. त्याची चौकशी व्हावी यासाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. त्या बाया गप्प राहिल्या असत्या, तर चिमूरची हकिकत आपण फक्त पोलिसांच्या कागदावरून वाचली असती.

म्हणून पणजोबांची नक्कल हाती आली की काम संपलं असं समजू नका. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल, माहेरपणाला आलेली म्हातारी आत्या असेल, तर आज चहाच्या वेळी तिच्याजवळ बसा. "पणजोबांनी काय केलं?" एवढंच विचारलं तर ती चार वाक्यांत आटोपेल. "ते नव्हते तेव्हा घर कसं चाललं?" असं विचारा. मग कुणी धान उसनं दिलं, कुणाचे बैल आले, कुणी दार लावून घेतलं, हे सगळं नावानिशी निघेल. ऐकाल ते वहीत उतरवा, सांगणारीचं नाव आणि आजची तारीख घाला, आणि वही दाखल्याच्याच फाईलीत ठेवा. तुमची नातवंडं उद्या ती फाईल उघडतील, तेव्हा त्यांना पणजोबांशेजारी पणजीही सापडायला हवी.