पाव तोळा वाळा

एका गावात कापडाच्या दुकानात नोकरी करणारा एक माणूस होता. पगार बेताचा, पण संसार सुखाचा. लग्नाला ६ वर्षं होत आली होती. या खेपेला बायकोला काहीतरी मनाजोगं द्यायचं असं त्याने दिवाळीतच ठरवलं आणि दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकले. चैत्र लागला तेव्हा तो पेठेतल्या अत्तराच्या दुकानाची पायरी चढला.

दुकान जेमतेम दोघं बसतील एवढं. भिंतीला काचेचं कपाट, त्यात लहानमोठ्या कुप्या, आणि गादीवर म्हातारे अत्तरवाले चाचा.

"बायकोसाठी हवंय. भारीतलं भारी दाखवा," तो म्हणाला.

चाचांनी कन्नौजचा गुलाब काढला. काचेची काडी कुपीत बुडवून त्याच्या मनगटावर टेकवली. मग ओडिशातल्या गंजामचा केवडा आला, मग मोगरा, हिना, आसामचा ऊद. पहिला वास घेतला तेव्हा त्याला वाटलं, हाच. दुसरा घेतला तेव्हाही तसंच वाटलं. पाचव्या वासाला मात्र गुलाब कुठला आणि मोगरा कुठला हेच त्याला कळेना.

"नाक थकलं तुमचं," चाचा म्हणाले. "जरा बाहेर उभे राहा. आपल्याच कोपराच्या लवणीत नाक खुपसून श्वास घ्या आणि मग या."

तो बाहेर जाऊन आला. तोवर मनगटावरच्या वासांचा पहिला उग्रपणा उडून गेला होता. आता मोगरा मऊ लागत होता.

"मोगराच द्या. छान आहे."

"लावणार कोण?"

"बायको."

"त्यांना आवडतो?"

"बायकांना मोगरा आवडतोच की."

"गजरा माळतात का त्या?"

तो आठवू लागला. सकाळी डबा हातात देणारी, संध्याकाळी दाराशी उभी असलेली बायको त्याला लख्ख दिसत होती. तिच्या केसांत फूल असतं की नसतं, हे काही आठवेना.

चाचांनी कुपीला बूच लावलं. "पैसे जपून ठेवा, भाऊ. अत्तर कुठे पळून जात नाही. नाकाची एक खोड असते. वास कायम जवळ असला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. मी दिवसभर या गादीवर बसतो, मला दुकानाचा वास येत नाही. तुम्ही पायरी चढलात आणि तुम्हाला आला. घरी जा, त्यांच्याकडे नीट बघा, मग या."

गिऱ्हाइकाला असं परत पाठवतात का, असं मनाशी म्हणत तो घरी आला. चार दिवस बायकोकडे बघत राहिला. ती झाडत होती, भाकरी थापत होती, शेजारणीशी बोलत होती. त्याला काहीच वेगळं दिसलं नाही. शेवटी त्याने सरळ विचारलं, "तुला कुठला वास आवडतो गं?"

ती हसली. "मला काय, कुठलाही चालतो."

मग बहिणीच्या घराचं छप्पर शाकारायचं निघालं, म्हणून तो तिच्या गावी गेला. आठवडाभर राहिला आणि भर दुपारी परतला. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला. घराला वास होता. गार, ओल्या मुळांसारखा, किंचित मातकट. इतकी वर्षं तो या दारातून रोज आतबाहेर करत होता, पण हा वास त्याला कधी आला नव्हता.

वासाच्या मागोमाग तो स्वयंपाकघरात गेला. कोपऱ्यात तिवईवर माठ होता. त्याने झाकण काढलं. तळाशी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली वाळ्याची जुडी होती.

"अहो, चपला तरी काढा," मागून बायको म्हणाली. तिने त्याला पाणी दिलं, स्वतःसाठीही भांडं भरलं. ते ओठांशी नेण्याआधी तिने नाकाशी धरलं, डोळे मिटले, एक खोल श्वास घेतला आणि मग पाणी प्यायली.

"हा वाळा तू टाकतेस?"

"दर उन्हाळ्यात टाकते की. तुम्ही तेच पाणी पिताय ना इतकी वर्षं!"

मग ती बोलू लागली. माहेरी पंखा नव्हता. खिडकीला वाळ्याचा पडदा असे आणि त्यावर पाणी शिंपडायचं काम तिचं. पाणी पडलं की वारा गार होऊन आत येई आणि आजी म्हणे, आता नीज. आजीच्या ट्रंकेतही लुगड्यांच्या घडीत वाळा असे. तो समोर बसून ऐकत होता. चहाची वेळ टळून गेली तरी ती बोलतच होती.

दुसऱ्या दिवशी तो अत्तराच्या दुकानात गेला. "वाळा द्या," म्हणाला.

चाचांनी खालच्या कप्प्यातून कुपी काढली. आतलं तेल दाट होतं आणि त्याला हिरवट झाक होती. "हा रंग तांब्याचा," चाचांनी सांगितलं. "कन्नौजला तांब्याच्या देगेत मुळं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका गार पाण्यात बुडवलेला असतो, तिथे तिचा अर्क होतो. मोगरा चंदनाच्या तेलात उतरवतात. यात ते तेल नाही, नुसती मुळं. म्हणून महाग."

साठवलेल्या पैशांत पाव तोळा आलं, जेमतेम ३ ग्रॅम.

घरी बायकोने बूच काढलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. कापसाचा लहानसा फाया करून तिने कानाच्या वरच्या घडीत खोचला. मग आत गेली आणि कपाटातून एक बाटली घेऊन आली. लग्नाच्या वर्षी त्यानेच दिलेलं ते सेंट होतं. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"आज सांगते, रागावू नका. याने माझं डोकं चढतं."

"मग लावायचीस कशाला?"

"तुम्हाला आवडायचं. लग्नकार्याला निघालो की विचारायचात ना, सेंट लावलंस का म्हणून."

भेटवस्तू आणायला निघालेला माणूस पुष्कळदा आपलीच आवड बांधून आणतो. मायेने आणतो, म्हणून ते त्याच्या ध्यानात येत नाही. घेणाराही मायेनेच गप्प राहतो. या माणसाकडे पैसा थोडा असला तरी माया भरपूर होती. फक्त रोज जवळ असलेल्या माणसाकडे जरा दुरून येऊन, नव्याने बघायचं राहून गेलं होतं.

ती जुनी बाटली त्याला टाकवेना. तो ती आपल्या कामाच्या, कापडाच्या दुकानात घेऊन गेला. सकाळी पोचला की सदऱ्यावर एक फवारा मारायचा. संध्याकाळपर्यंत वास पार उडून गेलेला असायचा, आणि मगच तो घरी यायचा.