चिरलेला भोपळा

नासणार असलेले अन्न दुसऱ्याला देणे, हे दान होय काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु थंडीच्या दिवसांत लाल भोपळा पुढ्यात ठेवून त्याचा विचार केला, तर तो निराळा दिसू लागतो.

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर रस्त्यावर सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या तेथे रात्रंदिवस धगधगतात. तरीही पौषातल्या रात्री भाड्याच्या खोलीतला कामगार गारठतोच. अशा रात्री भाजलेल्या भोपळ्याइतके सोपे जेवण दुसरे नाही. सालीसकट जाड फोडी कराव्यात, बिया वाळविण्यासाठी बाजूला काढाव्यात. मीठ, तिखट व ठेचलेला लसूण चोळून, थोड्या तेलावर, झाकण ठेवून मंद आचेवर फोडी भाजाव्यात. कडा काळसर झाल्या, सुरी सहज आत गेली, की झाले. सोबत तांदळाच्या पिठाची, निखाऱ्यांवर भाजलेली अंगाकर रोटी असली, तर आणखी काही मागू नये. छत्तीसगढीत या फळाला ‘मखना’ म्हणतात. (ते मूळचे अमेरिका खंडातील, आपल्याकडे आले ते 1492 नंतरच. त्यामुळे योनाच्या वेलीचा अनुवाद करताना हे फळ डोळ्यांपुढे आणता येत नाही.)

अखंड भोपळा कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. चिरला, की उघड्यावर दोन-चार दिवसांत त्याला बुरशी धरते. पाच किलोंचे फळ एका घराला संपत नाही. मग फोडी शेजारी जातात. टीकाकार म्हणेल, यात औदार्य कसले? नासणारच होते, ते दिले. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. फोड देताना फारसा त्याग नसतो, हे खरे. परंतु सुरी लावताना असतो. जे फळ माळ्यावर आणखी तीन महिने सुखाने राहिले असते, ते घरधन्याने आज उघडले, आणि तेही शेजारी आहेत हे गृहीत धरून. त्याग पाहायचा तर तेथे पाहावा.

बाजारात भोपळा पाव किलोच्या फोडीनेही मिळतो. एकट्या माणसाची ही मोठीच सोय आहे; तिला मी नावे ठेवणार नाही. ज्याच्या हाती आजच्या जेवणापुरतेच पैसे, त्याने अख्खे फळ कोठून घ्यावे? परंतु सुरी विक्रेत्याने चालविली, की शेजाऱ्याची गरजही तेथेच संपते. समजा, एकाच व्हरांड्यात उघडणाऱ्या चार खोल्या आहेत. बिहार, ओडिशा, विदर्भ अशा ठिकाणांहून आलेली माणसे चार तवे तापवितात, चार फोडी भाजतात आणि पलीकडे काय शिजते आहे हे केवळ वासावरून ओळखतात. चौघांनी मिळून एक फळ घेतले, तर ते स्वस्तही पडेल; पण ते कोणाच्या चुलीवर भाजायचे, हे आधी कोणाला तरी दार ठोठावून विचारावे लागेल.