भेद आणि बोध

युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून फाकलेल्या सूर्यप्रकाशाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा अधिकाधिक चढत गेला आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे आणखी वर गेला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. मला मात्र त्या प्रयोगातले उरलेले दोन तापमापक अधिक मोलाचे वाटतात. ते प्रकाशाबाहेर ठेवलेले होते, नुसती खोलीची उष्णता सांगण्यासाठी. त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणूनच पहिल्याच्या चढलेल्या पाऱ्याला अर्थ आला. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक यांची जोडी मांडली ती याचसाठी. कारण असता कार्य दिसते एवढे पाहून भागत नाही. कारण नसता कार्यही नसते, हे पाहावे लागते.

अवरक्त किरणांवर चालणारी घरातली उपकरणे याच विचारावर उभी आहेत. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असलेला छोटा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडतो. आपली दृष्टी ७०० च्या आसपास संपते. पण याच जातीचे किरण ऊन आणि जुने पिवळे बल्बही खोलीत ओतत असतात. त्यातून रिमोटचा क्षीण संदेश टीव्हीला कळतो तो लयीमुळे. एलईडी सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडमीट करतो आणि टीव्हीतला ग्राहक ती लय सोडून बाकी सारे गाळून टाकतो. जत्रेच्या गोंगाटात हलगीचा ठेका वेगळा कळावा, तसे हे आहे. पुढे त्या लयीतही खंड असतात. एनईसी या जपानी कंपनीच्या प्रचलित पद्धतीत आखूड खंड म्हणजे शून्य आणि लांब खंड म्हणजे एक. इथे अर्थ वाहून नेते ती दोन स्पंदनांमधली शांतता.

जिन्यात पाऊल टाकताच लागणाऱ्या दिव्याचा संवेदक काहीच पाठवत नाही. तो फक्त टिपतो. माणसाचे शरीर स्वतःच अवरक्त प्रकाश देत असते, मुख्यतः नऊ-दहा मायक्रोमीटरच्या आसपास. संवेदकातले स्फटिकाचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. सगळी जागा सारखीच तापली तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडून काढतात. माणूस चालत गेला की आधी एका तुकड्यावर, मग दुसऱ्यावर ऊब पडते आणि दिवा लागतो. तोच माणूस निश्चल बसून राहिला, तर संवेदकाच्या लेखी तो नसतोच.

कपाळासमोर धरायचा तापमापक २०२० मध्ये सोसायट्यांच्या फाटकांवर पोहोचला, तेव्हा तो मेंदूत किरण सोडतो अशी भीती पसरली होती. तसे नाही, तो आपल्याच कपाळाचे किरण गोळा करतो. त्याच्या आतल्या थर्मोपाइलला तापमान थेट कळत नाही. समोरची वस्तू आपल्यापेक्षा किती उष्ण किंवा थंड, एवढेच त्याला उमजते. म्हणून शेजारी दुसरा संवेदक बसवलेला असतो, यंत्राचे स्वतःचे तापमान सांगणारा. दोन्ही मिळून ताप कळतो. उन्हात तापलेल्या गाडीतून आणलेले यंत्र म्हणूनच चुकू शकते आणि वापरण्यापूर्वी ते काही वेळ खोलीत ठेवावे लागते. दुसऱ्याचा ताप मोजणाऱ्याला आधी स्वतःची ऊब ठाऊक असावी लागते, ही अट यंत्रापुरती नाही. मते बनवताना आपण ती सहज विसरतो.

मुलांना हे जरूर दाखवावे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून त्यासमोर रिमोटचे बटण दाबले, तर अनेक फोनवर डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश लुकलुकताना दिसतो. पण तेवढ्यावर थांबू नये. त्यांना एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हे कशाच्या तुलनेत? ज्याला याचे उत्तर नाही, असा कोणताही आकडा आणि कोणतेही मत स्वीकारू नये.