हुकूमतपनाह

१६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले, तेव्हा रामचंद्रपंत अमात्यांना त्यांनी ‘हुकूमतपनाह’ केलं. आपण इथे नसताना निर्णय पंतांनी घ्यायचा. पंतांची समाधी पन्हाळगडावरच आहे. तीन दरवाजा, अंधारबाव बघून लोक झुणका-भाकरीकडे वळतात. समाधीकडे वळणारे थोडे.

मला तिथे हटकून आठवतो तो अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. माणूस स्वतः बोलू शकत नसताना निर्णय कुणी घ्यायचा, हा प्रश्न तिथेही असतो. आत व्हेंटिलेटर, बाहेर लेक. डॉक्टर विचारतात, पुढं काय करायचं? लेक म्हणतो, “काय बी करा, पण आबांना वाचवा.” त्यात माया असते, तशी धास्तीही असते. पैशाकडं बघून बापाला सोडला, असं भावकीनं म्हटलं तर? ‘मला नळ्या लावू नका’ असं आबा बोललेले असतात, पण कुणापुढे? प्रत्येकाच्या आठवणीतले आबा वेगळंच बोललेले.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग चार दशकांहून अधिक काळ पडून होत्या. त्यांच्या मनात काय होतं, हे सांगणारा कागद नव्हता. असा कागद, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, करण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. कोर्टाची पायरी चढून मरणाची तजवीज कोण करणार? जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. प्रत स्थानिक संस्थेकडे द्यायची, म्हणजे गडावरच्या माणसाने नगरपरिषदेत. २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं.

एवढं करूनही कागद आपोआप चालत नाही. आता सुधारणा नाही, असं डॉक्टरांच्या एका मंडळाने आणि मग दुसऱ्याने म्हणावं लागतं. शिवाय आपण बोलू शकत नसताना आपल्या वतीने बोलणारा म्हणून कागदात ज्याचं नाव, त्याची संमती लागते. हाच तो हुकूमतपनाह. म्हणून मला वाटतं, हा कागद डॉक्टरांसाठी कमी आणि बाकावरच्या लेकासाठी जास्त असतो. पंतांसारखा निर्णय त्याला घ्यायचा नसतो; निर्णय आबांचा, त्याने फक्त तो पाळायचा. भावकीला दाखवायला सही आहे.

नावं एकाहून अधिक घालता येतात. थोरला गावात, धाकटा पुण्यात, लेक इचलकरंजीला दिलेली. सगळ्यांना एकदम बसवून कागद वाचून दाखवावा. आणि पहिलं नाव लाडक्याचं नव्हे, वाईटपणा घेऊ शकेल त्याचं घालावं. बहुतेक घरांत ती लेकच असते.